ग्रीक नाटक बसवताय? मुखवटा शेवटी नको, आधी बनवा

आमच्या हौशी नाट्यमंडळाने सोफोक्लीसचं 'ईडिपस' मराठीत करायचं ठरवलं, तेव्हा मुखवट्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर गणपतीची आरास दरवर्षी मीच करतो. तोवर दीड महिना तालमी झाल्या होत्या आणि प्रयोगाला १८ दिवस उरले होते. "काहीतरी करून टाक, फक्त ग्रीक वाटलं पाहिजे," एवढीच दिग्दर्शकाची सूचना होती. मी करून टाकलं. रंगीत तालमीत ईडिपस विंगेवर आपटला. त्याच्या राणीचा, जोकास्टाचा, आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे गेला नाही. चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून कोरसमधल्या, म्हणजे एकत्र गाणाऱ्या-बोलणाऱ्या समूहातल्या, दोघांनी मुखवटे सरळ कपाळावर सरकवून ठेवले, सिग्नलला थांबलेले लोक हेल्मेट सरकवतात तसे. पहिला प्रयोग आम्ही मुखवट्यांशिवाय केला.

पुढच्या वर्षी तीच संहिता पुन्हा घेतली आणि कामाचा क्रम उलटा केला. वाचन झाल्याबरोबर मुखवटे, आणि मुखवटे झाल्यावरच उभ्या तालमी. खाली लिहिलंय ते त्या दोन वर्षांत शिकलेलं. यातलं निम्मं माती-कापडाचं आहे आणि निम्मं अथेन्सचं. दुसरं निम्मं गाळून पुढे जाऊ नका, आमचं पहिल्या वर्षी तिथेच चुकलं होतं.

पायऱ्यांकडे वळण्याआधी एक शब्द. ग्रीक भाषेत मुखवट्याला 'प्रोसोपॉन' म्हणतात आणि चेहऱ्यालाही प्रोसोपॉनच म्हणतात. म्हणजे 'खरा चेहरा झाकणारी वस्तू' हा आपल्याला पटकन सुचणारा अर्थ त्या शब्दात मुळात नाही. समोरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे जे येतं, ते प्रोसोपॉन. आमच्या ईडिपसला हे सांगितल्यावर तो 'मुखवट्याच्या आत' अभिनय करायचा थांबला. बिचारा तोवर आत खरेखुरे हावभाव करत घामाघूम होत होता आणि बाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

१. कोणत्या काळाचा मुखवटा हवा, ते आधी ठरवा

तुम्ही 'ग्रीक मुखवटा' असं शोधलंत की जबडा फाकलेले, कपाळावर केसांचा उंच डोंगर असलेले, डोळे वटारलेले चेहरे दिसतील. त्यातले बहुतेक सोफोक्लीसनंतर काही शतकांनी घडलेले आहेत, हेलेनिस्टिक (म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या) किंवा रोमन काळातले. केसांच्या त्या उंचवट्याला 'ओंकोस' म्हणतात. जाड तळव्यांचे उंच बूटही असेच उत्तरकालीन. आम्ही पहिल्या वर्षी दोन्ही केलं होतं. वर लाकडी तळव्यांवर माणसं उभी केली, त्यामुळे ईडिपस आंधळा व्हायच्या आधीच अडखळत होता.

इ. स. पू. ५व्या शतकातला, म्हणजे एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस यांच्या वेळचा शोकांतिकेचा मुखवटा शांत असायचा. तोंड किंचित उघडं, केस साधे, कपाळ नेहमीचं. हे कळतं ते मुख्यतः चित्रांवरून, कारण प्रत्यक्ष वापरलेला एकही मुखवटा उरलेला नाही. ते कापडाचे होते, त्यांना केस लावलेले होते. एवढी वर्षं टिकणार कसे? उरली ती मातीच्या भांड्यांवरची चित्रं, भाजलेल्या मातीच्या प्रतिकृती, दगडातली शिल्पं.

तीन गोष्टींचे फोटो मिळवून तालमीच्या भिंतीवर लावा:

- प्रोनोमोसचं भांडं. इ. स. पू. ४०० च्या सुमाराचं, दक्षिण इटलीत रुवो इथे सापडलं, आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. सॅटिर नाटकाची (शोकांतिकांनंतर व्हायचा तो विनोदी खेळ) अख्खी मंडळी त्यावर आहेत. बहुतेकांनी मुखवटे हातात धरलेत आणि मधोमध प्रोनोमोस नावाचा वादक बसलाय.
- पिरेयसचा, म्हणजे अथेन्सच्या बंदराचा, ब्राँझचा मुखवटा. इ. स. पू. ४थ्या शतकातला, १९५९ मध्ये सापडला. ब्राँझ घालून कुणी नाचणार नाही, तेव्हा हा देवाला वाहिलेला असावा. पण डोळे, ओठ, केसांची वळणं यांचा नमुना म्हणून याच्याइतका उपयोगी दुसरा नाही.
- जर्मनीत वुर्त्सबुर्गच्या संग्रहालयातला भांड्याचा तुकडा. विरळ केसांचा, दाढीचे खुंट वाढलेला एक थकलेला नट हातातल्या मुखवट्याकडे पाहतोय, आणि मुखवट्याला मात्र छान भरघोस केस आहेत. माझा सगळ्यात आवडता फोटो हा. प्रयोग संपल्यावर मेकअपरूममध्ये बसलेल्या आपल्याच माणसासारखा दिसतो तो.

सापळा: पॉलक्स नावाच्या लेखकाने शोकांतिकेच्या २८ आणि 'नव्या' विनोदिकेच्या ४४ मुखवट्यांची यादी दिली आहे, आणि ती सगळीकडे 'ग्रीक मुखवट्यांचे प्रकार' म्हणून फिरत असते. पॉलक्स इ. स. २ऱ्या शतकातला. त्याच्यात आणि सोफोक्लीसमध्ये ६०० वर्षांचं अंतर आहे. मिनँडरसारख्यांची नवी विनोदिका करणार असाल तर यादी कामाची आहे. 'ईडिपस'साठी तिच्या मागे लागू नका. हसऱ्या-रडक्या मुखवट्यांची ती जोडी तर नाट्यगृहाच्या दारावरच राहू द्या.

विनोदी नाटक करणार असाल तर हिशेब वेगळा. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की विनोदी मुखवटा कुरूप आणि वेडावाकडा असतो, पण त्यात वेदना नसते. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या इ. स. पू. ४२४ मधल्या नाटकात तर एक पात्र सांगतं की या माणसाचा हुबेहूब मुखवटा करायला कारागीर घाबरले. तो माणूस म्हणजे तेव्हाचा बडा पुढारी क्लेऑन, आणि तो जिवंत होता. यापुढचं सगळं शोकांतिकेबद्दल आहे.

२. संहिता घेऊन बसा आणि मुखवटे मोजा

ग्रीक शोकांतिकेत बोलणारे नट तीनच. दुसरा नट एस्किलसने आणला, तिसरा सोफोक्लीसने, असं अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. सगळे पुरुष. स्त्रियांच्या भूमिकाही तेच करायचे. कोरस आधी १२ जणांचा होता, सोफोक्लीसच्या वेळी १५ चा झाला.

'ईडिपस'मध्ये बोलणारी पात्रं ८: ईडिपस, पुजारी, जोकास्टाचा भाऊ क्रेऑन, आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस, जोकास्टा, कॉरिंथचा निरोप्या, मेंढपाळ आणि राजवाड्यातून बातमी आणणारा. तीन नटांत ही आठही बसतात, कारण चेहरा बदलायला मुखवटा बदलण्याइतकाच वेळ लागतो. कागदावर रकाने आखा आणि कोण कुणाबरोबर समोर असतं ते मांडा. ईडिपस आपलाच मुलगा आहे हे सत्य उमगल्यावर जोकास्टा आत जाते. मग ईडिपसचं एक भाषण होतं, कोरसचं छोटं गाणं होतं आणि मेंढपाळ येतो. म्हणजे जोकास्टा करणाऱ्यानेच मेंढपाळ करायचा म्हटलं तर वेळ पुरतो. आम्ही तसं केलं. जी बाई "आता पुढे शोधू नकोस" म्हणून विनवत आत गेली, तिचाच आवाज म्हाताऱ्या मेंढपाळाच्या तोंडून "मला पुढे विचारू नका" म्हणत परत आला. प्रेक्षकांना हे कळलं असेल की नाही, मला माहीत नाही. तालमीत आमच्या अंगावर काटा आला.

एकाच पात्राला दोन मुखवटे लागतात का, हेही तपासा. डोळे फोडून घेतलेला ईडिपस बाहेर येतो तेव्हा आधीचाच मुखवटा चालणार नाही. युरिपिडीसच्या 'हेलन'मध्ये ती मध्येच आत जाऊन केस कापून येते, म्हणजे तिथेही बदल आला. 'बॅकी'मध्ये अगावे आपल्या मुलाचं, पेन्थियसचं, मुंडकं घेऊन येते. ते मुंडकं म्हणजे पेन्थियसचा मुखवटाच असणार, असं मानतात. आणि पेन्थियस व अगावे बहुधा एकच नट करायचा! आपलाच मघाचा चेहरा हातात धरून तो उभा असायचा.

आमचा हिशेब: ८ पात्रं, आंधळ्या ईडिपसचा १ आणि कोरसचे ७, असे १६ मुखवटे. कोरसचे सगळे सारखे ठेवा. थेब्ज शहराचे म्हातारे नागरिक आहेत ते, एका साच्यातून निघाले तरी बिघडत नाही, उलट तेच बरं.

३. सामान

- शाडू माती, एका साच्याला साधारण ३ किलो
- थर्माकोलचं डोकं, विग ठेवतात ते
- मांजरपाट. लिनन मिळालं तर उत्तम, पण खिसा सांभाळा
- सुताराचा सरस, किंवा चिंचोक्याची खळ, किंवा फेविकॉल
- पेट्रोलियम जेली आणि जुनी वर्तमानपत्रं
- खडूची भुकटी
- पोस्टर रंग किंवा अ‍ॅक्रिलिक, मॅटच
- अंबाडीचा किंवा तागाचा धागा, काळी-करडी लोकर
- चपडा (लाख) आणि स्पिरिट, आतून हात मारायला
- मऊ सुती अस्तर, रुंद नाड्या, जाड सुई
- प्रत्येक नटाच्या डोक्याचं माप: घेर, हनुवटी ते टाळू, आणि दोन बुबुळांमधलं अंतर

शेवटचं माप लोक विसरतात आणि मग नट एका डोळ्याने नाटक करतो. एकच मुखवटा दोन नट घालणार असतील तर मोठ्या डोक्याचं माप धरा. लहान डोक्याला आतून अस्तर वाढवता येतं.

सरसाबद्दल मंडळात आधीच बोलून घ्या. तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनतो. आमच्यातल्या दोघांना तो तोंडावर नको होता, त्यांचे मुखवटे चिंचोक्याच्या खळीत केले. थोडे मऊ झाले, पण टिकले. खळीला किडी लागू नयेत म्हणून बाइंडर लोक तिच्यात मोरचूद घालतात आणि तुम्हालाही कुणीतरी हा सल्ला देईल. वहीसाठी ठीक आहे. तासभर नाकातोंडाशी राहणाऱ्या वस्तूत मोरचूद घालू नका, ते विषारी असतं.

४. मातीचा चेहरा

थर्माकोलचं डोकं खऱ्या डोक्यापेक्षा लहान असतं. आधी त्यावर कागद-चिकटपट्टी गुंडाळून नटाच्या मापापर्यंत आणा आणि मग शाडू चढवा. मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसणारा नको. नटाच्या चेहऱ्यापेक्षा सगळीकडून दीड-दोन बोटं मोठा हवा, कपाळावरून टाळूपर्यंत आणि कानांच्या मागेपर्यंत जाणारा. ग्रीक मुखवटा केसांसकट सगळं डोकं झाकायचा, आपल्या जत्रेतल्या पुठ्ठ्याच्या मुखवट्यासारखा नुसता तोंडापुरता नसायचा.

कुणी म्हणेल, "एवढा खटाटोप कशाला, नटाच्या तोंडावरच प्लास्टरचा ठसा घेऊ." घेऊ नका. प्लास्टर ऑफ पॅरिस बसताना तापतं, भुवया अडकतात, आणि इतकं करून हातात येतो तो नटाचाच चेहरा. आपल्याला ईडिपसचा हवाय.

नाक-डोळे घडवताना मोठ्या पृष्ठभागांचा विचार करा. सुरकुत्या, बारीक रेषा दहाव्या रांगेतून दिसत नाहीत. भुवईचं हाड, गालाचं हाड, नाकाची कड आणि खालच्या ओठाखालची खाच, एवढ्या चार ठिकाणी सावली नीट पडली की काम झालं. भाव कोरू नका. दुःखी चेहरा कोरलात तर जोकास्टा पहिल्या वाक्यापासून दुःखी दिसेल, आणि तेव्हा तर ती भांडणाऱ्या राजाला आणि क्रेऑनला दटावत असते.

एक युक्ती मात्र जरूर करा. चेहऱ्याच्या दोन बाजू किंचित वेगळ्या ठेवा. रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन विनोदिकेतल्या बापाच्या मुखवट्याबद्दल सांगतो की त्याची एक भुवई चढलेली आणि दुसरी शांत असायची, आणि जसा प्रसंग तशी ती बाजू नट प्रेक्षकांकडे करायचा. ती रोमन विनोदिकेची रीत खरी, पण मी ती क्रेऑनसाठी चोरली. उजवी भुवई अर्धं बोट वर. मान जराशी वळली की मुखवटा बदलल्यासारखा वाटतो.

आणखी एक. जव्हार-मोखाड्याकडचे बोहाड्याचे मुखवटे तुम्ही पाहिले असतील तर हात नकळत तिकडे जातो: मोठे बाहेर आलेले डोळे, ठसठशीत रंग. त्या मुखवट्यात देव किंवा राक्षस असतो आणि तो नाचायचा असतो. तिथून कारागिरी जरूर शिका. नाकीडोळी मात्र त्यांची उचलू नका.

५. कापडाचे थर

मांजरपाट आधी गरम पाण्यात साबणाने धुऊन काढा. कोऱ्या कापडात कांजी असते, सरस आत शिरत नाही, आणि वाळल्यावर थर पापुद्र्यासारखे सुटतात. माझे पहिले तीन मुखवटे असेच गेले.

सरस रात्रभर गार पाण्यात भिजवा. सकाळी फुगला की एका भांड्यात पाणी तापत ठेवून त्यात सरसाचं भांडं बसवा आणि विरघळू द्या. उकळी येऊ देऊ नका, उकळलेला सरस धरत नाही. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांचं माप: पळीवरून मधासारखा ओघळला पाहिजे, पाण्यासारखा नाही. वास येतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा.

शाडूवर पेट्रोलियम जेली, त्यावर ओल्या वर्तमानपत्राचा एक थर. मग दोन बोटं रुंद, वीतभर लांब कापडाच्या पट्ट्या सरसात बुडवून, निथळून, एकावर एक आडव्या-उभ्या लावत जा. पाच थर पुरतात. दोन थर झाले की थांबा, पूर्ण वाळू द्या, मग पुढचे. नाकाच्या बाजूला आणि ओठांच्या खाचेत पट्टी बोटाने दाबत राहा, तिथेच हवा राहते. उन्हात वाळवू नका, कवच वाकतं. पंख्याखाली वाळवा. पावसाळ्यात हे काम काढूच नका, चार दिवसांत बुरशी धरते. आमचा टायरेसियस हिरवट झाला होता. आंधळ्या भविष्यवेत्त्याला ते शोभलंही असतं, पण वास!

वाळल्यावर माती मागून कोरून काढा आणि कडा कात्रीने सरळ करा. आतून चपड्याचे दोन हात मारा. सरस पाण्यात विरघळतो, आणि घाम म्हणजे पाणीच. चपडा दिला नाहीत तर दुसऱ्या अंकापर्यंत हनुवटी लिबलिबीत होईल. स्पिरिटचा वास जायला दोन दिवस लागतात. तोवर कुणाला घालायला देऊ नका.

६. डोळे आणि तोंड

डोळ्याचं पूर्ण बदाम कापू नका, खोल काळी भोकं दिसतात. डोळ्याचा पांढरा भाग रंगवा आणि फक्त बुबुळाच्या जागी रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान भोक पाडा. नटाला कमी दिसतं, हे खरं आहे. खालचं तर अजिबात दिसत नाही. पण त्यामुळेच तो मान खाली घालून संवाद म्हणत नाही, आणि ते तुमच्या फायद्याचं आहे. चष्मेवाल्यांसाठी दुसरी वाट नाही: लेन्स, नाहीतर पावलं मोजून चालण्याची सवय.

तोंडाची फट एका बोटाइतकी उघडी, दोन्ही टोकांना निमुळती. नटाचे ओठ आणि कापडाचं कवच यांत दोन बोटांची पोकळी राहिलीच पाहिजे. अस्तर कपाळाला, गालाच्या हाडांना आणि हनुवटीला लावा. तोंडासमोर काही नको. नाकपुड्यांत लपवून दोन भोकं पाडा, नट दुवा देईल.

७. रंग आणि केस

सरसात खडूची भुकटी कालवून दोन पातळ हात, मग बारीक पॉलिशपेपर, मग रंग. ग्रीकांकडे संकेत सरळ होता: स्त्रियांचा चेहरा गोरा, पुरुषांचा सावळा-तांबूस. आपल्याकडे गोरेपणावरून आधीच पुरेसा मूर्खपणा चालतो, त्यामुळे मला हे खटकत होतं. शेवटी जोकास्टाला हस्तिदंती रंग दिला आणि पुरुषांना विटकरी. मुद्दा लांबून ओळखू येण्याचा आहे, तेवढा साधला. तेलरंग किंवा चकाकणारं वॉर्निश वापरू नका, दिव्याखाली चेहरा घामेजलेल्या पितळी भांड्यासारखा दिसतो.

केस वेगळ्या कापडी टोपीवर शिवा आणि टोपी मुखवट्याच्या कडेला टाके घालून जोडा. मागे नाड्या ठेवा. ताग हलका असतो, लोकर जड. म्हाताऱ्यांसाठी ताग छान पांढरट पडतो. वजन तराजूवर बघा. आमचा नियम: केसांसकट अर्ध्या किलोच्या आत. त्यापुढे मान दुखते.

८. घालायला शिकणं

मुखवटा तयार झाला की लगेच डोक्यावर चढवू नका. नटाला तो हातात धरून बसू दे. वुर्त्सबुर्गच्या तुकड्यावरचा नट हेच तर करतोय. मान कुठे कलली की काय दिसतं, हे आधी हातात धरून शोधायचं. थोडा खाली झुकला की खंत, वर गेला की अभिमान. मग आरशासमोर, मग फोनवर चित्रीकरण करून. पहिल्या आठवड्यात १० मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालायचा नाही, काहींचा जीव घाबरतो. ते हसण्यावारी नेऊ नका.

मग हे नियम:

- बोलताना तोंड प्रेक्षकांकडे. पूर्ण बाजूला वळलं की मुखवट्याची कड दिसते आणि चेहरा नाहीसा होतो.
- एका वेळी एकच माणूस हलेल, आणि तो बोलणारा असेल. ओठ दिसत नाहीत, तेव्हा कोण बोलतंय हे प्रेक्षकाला हालचालीवरूनच कळतं. ऐकणारे स्थिर.
- मुखवट्याला हात लावायचा नाही. हाताने कापडाचा 'टप' आवाज झाला की संपलं. रडायचं असेल तर हात चेहऱ्याजवळ नेऊन थांबवा, किंवा वस्त्र पुढे ओढा.
- वळताना आधी मान, मग खांदे, मग पाय.

आणि दिग्दर्शकासाठी, कारण सगळ्यात मोठा सापळा त्यांच्याच लाल पेनात असतो: संहिता कापताना "हा पाहा क्रेऑन येतोय" किंवा "तुझ्या डोळ्यांत पाणी का?" अशी वाक्यं 'दिसतंच आहे की' म्हणून उडवू नका. दिसत नाही! ही वाक्यं मुखवट्यासाठीच लिहिलेली आहेत. सोफोक्लीसच्या 'इलेक्ट्रा'मध्ये तर याचा कळस आहे. मेला समजलेला भाऊ समोर उभा राहिल्यावर इलेक्ट्रा आनंदाने वेडी होते, पण तिचा मुखवटा तर शोकाचाच. मग ती भावाला म्हणते की आईला माझा चेहरा उजळलेला दिसेल अशी भीती बाळगू नकोस, जुना द्वेष माझ्यात मुरलेला आहे. न बदलणाऱ्या चेहऱ्याची अडचण सोफोक्लीसने संवादातच मिटवून टाकली. पहिल्या वर्षी आम्ही अशी ३० तरी वाक्यं कापली होती आणि मग नाटक कळत नाही म्हणून हैराण झालो होतो.

त्याच इलेक्ट्राची एक गोष्ट ऑलस गेलियस या रोमन लेखकाने नोंदवली आहे. पोलस नावाचा नामवंत नट ही भूमिका करत होता. भावाच्या अस्थींचा कलश कवटाळून शोक करायचा प्रसंग. पोलसचा मुलगा नुकताच वारला होता. त्याने रंगमंचावर मुलाच्याच अस्थींचा कलश आणला. त्याचा चेहरा कुणाला दिसला नसणार. आवाज तेवढा ऐकू आला असेल, आणि कलश धरलेले हात दिसले असतील.

९. आवाज

'ग्रीक मुखवट्याच्या तोंडात कर्णा बसवलेला असायचा, त्यामुळे हजारो लोकांना ऐकू जायचं' ही दंतकथा तुम्हाला भेटेलच. तिचं मूळ जुनं आहे. मुखवट्याला लॅटिनमध्ये 'पर्सोना' म्हणतात, आणि तो शब्द 'आवाज घुमणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला, अशी व्युत्पत्ती रोमन काळातच कुणीतरी लावली होती. कापडाचा मुखवटा आवाज मोठा करत नाही. ऐकू जायचं ते उतारावरच्या बैठकीमुळे आणि समोर तोंड करून बोलणाऱ्या कसलेल्या नटामुळे. ग्रीसमधलं एपिडॉरसचं प्राचीन नाट्यगृह आजही त्यासाठी नावाजलेलं आहे.

मुखवटा करतो ते वेगळंच. नटाचा आवाज त्याच्या स्वतःच्या डोक्यात घुमतो, त्याला वाटतं आपण फार मोठ्याने बोलतोय, आणि तो आवाज खाली आणतो. जोकास्टाचं हेच झालं होतं. उपाय म्हणजे रोज कुणीतरी शेवटच्या रांगेत बसून फक्त हात वर-खाली करून सांगायचं. शब्दांची शेवटची व्यंजनं मुद्दाम उच्चारायची. श्वास पोटातून घ्यायचा, कारण छातीने श्वास घेतला की मुखवटा वर-खाली होतो आणि पात्र धापा टाकतंय असं दिसतं. कॉलर माइक लावायचाच असेल तर केसांत, कपाळाच्या वर, बाहेरच्या बाजूला. आत लावला की विहिरीतून बोलल्यासारखं ऐकू येतं.

१०. दिवे, आणि नंतरची निगा

डायोनिसस या देवाच्या उत्सवात नाटकं अथेन्समधल्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर उघड्यावर, दिवसाउजेडी व्हायची. तुमच्याकडे वरून टांगलेले दिवे असतील. नुसत्या वरच्या प्रकाशात डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. समोरून, जरा खालच्या उंचीवरून मंद प्रकाश मागून घ्या. प्रकाशयोजनाकाराला एक मुखवटा आठवडाभर आधी घरी नेऊ द्या. बाकी तो बघून घेईल.

विंगेत प्रत्येक मुखवट्याला ठरलेली खुंटी आणि मुखवटे सांभाळायला एक माणूस. पालथे ठेवू नका, नाक दबतं. प्रयोगानंतर आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. ओलं फडकं लावू नका.

अथेन्समध्ये खेळ झाल्यावर मुखवटे डायोनिससच्या मंदिरात वाहायची रीत होती. आमचे माझ्या माळ्यावर आहेत. आधी खोक्यात ठेवले होते. पण सरस म्हणजे उंदरांना मेजवानी, आणि दोन प्रयोगांच्या मधल्या महिन्यात त्यांनी क्रेऑनचा डावा कान खाल्ला. दुसऱ्या प्रयोगात त्याचे केस त्या बाजूला थोडे पुढे आलेले होते, कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून पत्र्याची ट्रंक.